पिकअपच्या हौद्यावर घरी बांधलेला कॅम्पर: कामाच्या नोंदी

कॅम्पर म्हणजे गाडीच्या हौद्यात बसवून आत झोपता येईल असा डबा. आधीच सांगतो, किमती लिहिणार नाहीये, त्या जागेप्रमाणे बदलतात. ठरवलेलं सगळं बजेट म्हणजे 100 भाग असं धरून हिशोब ठेवलाय, त्यावरून कुठे किती गेलं ते कळेल. दिवस म्हणजे कॅलेंडरचे दिवस, रोज काम झालं असं नाही, बरेच दिवस नुसते गोंद वाळायची वाट बघण्यात गेले. माझ्याकडे साधी इलेक्ट्रिक करवत, जिगसॉ, ड्रिल आणि ऑर्बिटल सँडर एवढीच हत्यारं होती.

दिवस 1

गाडीच्या पुस्तकात एकूण वजनाची मर्यादा 2,750 किलो आणि रिकाम्या गाडीचं वजन 2,130 किलो दिलंय, म्हणजे 620 किलो टाकता येतील असं धरून वहीत पहिलं चित्र काढलं. हौद्यात बसणारा डबा, वर केबिनच्या टपावर पुढे आलेला झोपायचा भाग, मागे दार. झोपायची जागा 1,900 मिमी लांब, त्यातली 1,250 केबिनवर आणि बाकीची आतल्या बाकावर फळी टाकून.

दिवस 3

पुस्तकावर विश्वास न ठेवता गाडी टाकी फुल करून वजनकाट्यावर नेली. मी खाली उतरून वजन घेतलं, 2,180. पुस्तकापेक्षा 50 किलो जास्त! हौद्यातलं प्लास्टिकचं लायनर, मागचा लोखंडी बंपर, आधीच्या मालकाने लावलेला हूक, सगळं त्यात आलं. म्हणजे हातात राहिले 570. त्यातून आम्ही दोघं 135, पाणी 40 लिटर म्हणजे 40 किलो, कपडे-भांडी-हत्यारं 80, बॅटरी-फ्रिज-पॅनेल 50, असे 305 वजा केले की 265 उरतात, आणि थोडी ढील ठेवायची म्हणून कॅम्परचं रिकामं वजन 230 किलोच्या आत ठेवायचं असं भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. ज्याला कोणाला हे काम करायचंय त्याने चित्र काढायच्या आधी काट्यावर जावं, माझे पुढचे सगळे निर्णय ह्या एका आकड्यावर झालेत.

दिवस 5

आणि तरीही मी चूक केलीच, कारण प्लाय मी काट्याच्या आधीच मागवला होता. 12 मिमीच्या सहा शीट घरी आल्या, एक शीट बाथरूमच्या काट्यावर उभी धरून मोजली तर 21 किलो. माझ्या डब्याच्या सगळ्या भिंती, टप, तळ धरून साधारण 24 चौरस मीटर होतात, म्हणजे कापाकापीतली नासाडी धरून दहा शीट, त्यातला डब्यात राहणारा नुसता प्लायच साधारण 170 किलो, त्यात लाकडी सांगाडा नाही, खिडकी नाही, दार नाही. चार शीट परत दिल्या, पैसे कापून मिळाले. दोन मी आधीच कापल्या होत्या, त्या राहिल्या. 5 भाग गेले.

नवीन बेत असा: 38 मिमीचा एक्सपीएस फोम (तो निळा किंवा गुलाबी कडक येतो तो, थर्माकोल नाही), आतून 5 मिमी प्लाय आणि बाहेरून कॅनव्हास गोंदाने चिकटवून त्यावर रंग. चौरस मीटरला साधारण 5 किलो पडतं, म्हणजे 24 मीटरला 120-125.

दिवस 8

पुठ्ठ्याचे साचे केले. हौदा चौकोनी असतो हा माझा समज होता, तो नसतो. पुढे आणि मागे रुंदीत 14 मिमीचा फरक निघाला, चाकांच्या उंचवट्यांची गोलाई दोन्ही बाजूंना सारखी नाही, आणि फाळक्याजवळ तळाला हलकासा पोट आलंय. पुठ्ठा तीन वेळा कापला. पुठ्ठा फुकट आहे, पॅनेल नाही, त्यामुळे ह्या दिवसाचं वाईट वाटलं नाही.

दिवस 11

सगळ्यात वाईट दिवस. प्लाय आणि फोम चिकटवायला फर्निचरवाले सनमायकाला लावतात तो काँटॅक्ट ॲढेसिव्ह आणला, दोन्ही बाजूंना लावला, दहा मिनिटांनी बघतो तर फोमला खड्डे पडलेत, मधाच्या पोळ्यासारखा झाला होता. त्या गोंदातलं सॉल्व्हंट फोम विरघळवतं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं आणि मी वाचलं नव्हतं. पॉलिस्टर रेझिनचंही तेच, ते फोमवर थेट ओतलं की फोम वितळतो, इपॉक्सी चालतं. दोन फोम शीट आणि एक प्लाय वाया, 4 भाग. आता नियम केलाय, कुठलीही बाटली आली की आधी फोमच्या तुकड्यावर लावून रात्रभर ठेवायची.

दिवस 12 ते 17

पीयू (पॉलियुरेथेन) गोंद आणला, तो जो फुगतो तो. ह्याला वाळायला ओल लागते, आणि फोम पाणी शोषत नाही, म्हणून प्लायवर गोंद पातळ पसरवायचा आणि फोमवर स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारायचा, मग दोन्ही एकत्र. फोमचा वरचा गुळगुळीत पापुद्रा 60 नंबरच्या सँडपेपरने आधी घासून घ्यायचा, नाहीतर गोंद पकडत नाही.

गोंद फुगताना प्लाय उचलतो, त्यामुळे वजन ठेवावंच लागतं. मी 20 लिटरचे कॅन पाण्याने भरून ठेवले, प्रत्येकी 20 किलो, एका पॅनेलवर आठ. खाली-वर प्लास्टिकचा कागद टाकला, नाहीतर पॅनेल फरशीलाच चिकटतं. एका वेळी एकच पॅनेल, पूर्ण रात्र. म्हणून सहा दिवस.

दिवस 19

पॅनेलवर बोटाच्या पेरांनी टकटक करत फिरलो. डाव्या बाजूच्या पॅनेलच्या मधोमध आवाज पोकळ येत होता, ताटाएवढी जागा सुटलेली. कॅन मी कडेकडेने ठेवले होते, मध्ये कमी. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हे असंच राहू दे, रंगाखाली कोणाला दिसतंय." दिसणार नाही हे खरं, पण गाडी हादरली की ती जागा वाढत जाणार. प्लायच्या बाजूने दर 80 मिमीवर 3 मिमीची भोकं पाडली, सिरिंजने थोडं पाणी, मग सिरिंजनेच गोंद, वर सपाट फळी आणि तिच्यावर कॅन. सकाळी भोकांतून फेस बाहेर आलेला होता, तो कापला, टकटक भरीव. दीड दिवस गेला पण काम पक्कं झालं.

दिवस 22

फोममध्ये स्क्रू धरत नाही, जिथे जिथे पुढे काहीतरी आवळायचंय तिथे आत लाकूड बसवून ठेवावं लागतं. दाराची चौकट, खिडकीच्या चारी कडा, बिजागऱ्या, बांधायचे हूक, बाकाच्या कडा, अशा सगळ्या ठिकाणी फोम कोरून 38 मिमीच्या पट्ट्या गोंदाने बसवल्या. आणि प्रत्येक पट्टीचा टेपसकट फोटो काढला. हे फोटो मी नंतर किती वेळा उघडले ह्याला मोजमाप नाही, कॅनव्हास आणि रंग चढला की आतलं लाकूड कुठे आहे ते कळायचा दुसरा मार्गच नाही.

टपावरच्या व्हेंटची (हवा जायच्या झडपेची) जागा मात्र विसरलो. ते दिवस 41 ला लक्षात आलं, मग कापलेल्या भोकाच्या कडेने 40 मिमी आत फोम खरवडून काढून लाकूड आत सरकवलं, अर्ध्या तासाचं काम चार तासांचं झालं.

दिवस 26 ते 28

डबा उभा केला. तळ, बाजू, मग पुढचा भाग. प्रत्येक टप्प्याला दोन्ही तिरकी मापं घेतली, दोन्ही सारखी आली की चौकट गुण्यात (काटकोनात) आहे. एकदा 9 मिमीचा फरक आला, दोरी टाकून पीळ दिला आणि गोंद वाळेपर्यंत तसंच ठेवलं. आतल्या कोपऱ्यांना 20 मिमीच्या पट्ट्या गोंद आणि स्क्रूने.

केबिनवरच्या भागाची मला काळजी होती. तिथे तळाला दोन्ही बाजूंनी प्लाय लावलाय, मध्ये फोम. मी आणि भाऊ दोघं वर चढून बसलो, भावाच्या हातात मोबाईल, खाली हिच्या हातात टेप. 3 मिमी खाली आला आणि उतरल्यावर परत जागेवर. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

दिवस 31

चढवायची चाचणी. डबा चार लाकडी घोड्यांवर ठेवून गाडी रिव्हर्समध्ये खाली घेतली, पुढे-मागे करत बसवला. सुंदर बसला. केबिनचा टप आणि कॅम्परचा तळ ह्यात 40 मिमीची जागा ठेवली होती. गल्लीत एक फेरी मारली, गतिरोधकावर वरून टक असा आवाज. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात, खड्ड्यात चासी पिळते आणि दोन्ही एकमेकांच्या जवळ येतात, हे मला माहीत असायला हवं होतं.

उपाय: कॅम्परच्या तळाखाली 50 मिमी एक्सपीएसचा अजून एक थर आणि त्याखाली रबरी मॅट. आता जागा 90 मिमी. मॅट आधीच घ्यायला हवी होती, तिच्याशिवाय गुळगुळीत लायनरवर डबा सरकतो. ह्या चुकीमुळे एकूण उंची वाढली, व्हेंट धरून 2.75 मीटर. तो आकडा डॅशबोर्डवर स्टिकर करून लावलाय, कमानीखाली जाताना आठवायची वेळ येऊ नये.

दिवस 35 ते 40

कॅनव्हास. सुती, जाड, न धुतलेला. पद्धत अशी की फोम घासून घ्यायचा, धूळ पुसायची, पाणी सहन करणारा लाकडाचा गोंद थोडं पाणी घालून रोलरने लावायचा, त्यावर कॅनव्हास अंथरून हाताने मधून कडेकडे दाबत जायचं, मग वरून परत गोंद. वाळला की बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग, पहिला हात पाणी घालून पातळ म्हणजे तो कापडात मुरतो, मग तीन हात घट्ट.

उजवी बाजू मी भर उन्हात लावायला घेतली, अर्धं कापड टाकेपर्यंत पुढचा गोंद वाळून गेला, सुरकुत्या आल्या, सगळं ओढून काढलं आणि संध्याकाळी सावलीत परत लावलं. एक कापड आणि दोन लिटर गोंद वाया, 3 भाग. कोपऱ्यांवर कापड 60 मिमी एकमेकांवर घेतलंय, आणि टपाचं कापड बाजूच्या कापडावर येतं, उलट नाही, कौलं रचतात तसं, पाणी खालीच उतरलं पाहिजे.

रंग पांढराच. मला गडद हिरवा आवडला होता पण एक्सपीएस साधारण 75 अंशाच्या पुढे मऊ पडायला लागतो आणि गडद रंगाचा पत्रा उन्हात किती तापतो ते हात लावून सगळ्यांनीच बघितलंय. टपाला मागच्या बाजूला 40 मिमी उतार दिलाय.

दिवस 43

खिडक्या बसवल्या, सिलिकॉन लावून. ही चूक मला सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेली.

दिवस 47

पाण्याची चाचणी. बाहेर भाऊ नळी घेऊन, आत मी टॉर्च घेऊन. खालून सुरुवात करायची, एका पातळीला दहा मिनिटं, मग थोडं वर, असं केलं की गळती कुठून आहे ते कळतं, वरूनच पाणी सोडलं तर सगळीकडे ओघळतं आणि काही समजत नाही. डाव्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब.

खिडकी काढली. सिलिकॉनचा थर ब्लेडने, पत्रीने, नखाने काढला, तरी त्याचा तेलकट अंश राहतोच, आणि त्यावर रंग बसत नाही, लावला की बाजूला सरकून मध्ये टकलं पडतात. शेवटी चौकटीभोवतीचा 30 मिमी कॅनव्हास कापून टाकला आणि नवीन पट्टी लावून परत चार हात रंग. तीन दिवस गेले सिलिकॉनच्या एका नळीमुळे.

दुसऱ्या वेळी ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावली. स्क्रू एकदम आवळले नाहीत, थोडे आवळायचे, दुसऱ्या दिवशी अजून थोडे, टेप हळूहळू बाहेर येते, ती कापायची. बाहेरून वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला पीयू सीलंट, खालची कड मोकळी. चुकून पाणी आत शिरलंच तर बाहेर जायला वाट पाहिजे. परत चाचणी, चाळीस मिनिटं, कोरडं.

दिवस 52 ते 55

वायरिंग. 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे 1,280 वॅट-अवर. बजेटमधला सगळ्यात मोठा खर्च विजेचाच, 30 भाग. टपावर 100 वॅटचं पॅनेल, सपाट ठेवलेलं असल्याने स्वच्छ दिवसाला मला 300 ते 400 वॅट-अवर मिळतायत, फ्रिजच त्याहून जास्त खातो, म्हणून गाडी चालताना चार्ज करणारा 20 अँपिअरचा चार्जर लावावा लागला, तासाभरात साधारण 250 वॅट-अवर भरतो. तो बेतात नव्हता. बॅटरी आतच ठेवलीये, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते.

फ्रिज सारखा बंद पडत होता. बॅटरीवर 13.1 व्होल्ट, फ्रिजच्या पिनेवर 12.2. घरात पडलेली 0.75 चौरस मिमीची वायर वापरली होती, जायला-यायला मिळून 8 मीटर, 5 अँपिअरला जवळजवळ 0.9 व्होल्ट त्या वायरीतच जातात. 2.5 ची टाकली, आता 0.3 च्या आत. बारीक वायर गरम होते तो धोका वेगळाच. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, आणि प्रत्येक फ्यूज वायरीच्या ताकदीप्रमाणे निवडलाय, उपकरण बघून नाही.

दिवस 58

पहिली रात्र, घरासमोरच. थंडी होती म्हणून सगळं गच्च बंद केलं, आत गॅसवर पाणी तापवलं, जेवण गरम केलं. सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं, गादीची खालची बाजू ओली, आणि आरपार गेलेल्या बोल्टच्या डोक्यांवर थेंब लटकत होते. मला वाटलं गळती, पण रात्री पाऊसच नव्हता. दोन माणसांचा श्वास, आणि गॅस जळताना पाणी तयार होतं, 100 ग्रॅम गॅसमागे साधारण 160 ग्रॅम. ते सगळं थंड जागी जाऊन बसतं.

बदल केले: टपावरचा व्हेंट रात्री दोन बोटं उघडा, दाराजवळ जमिनीलगत जाळीचा दुसरा व्हेंट जो बंदच होत नाही (एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, त्याला तिथूनच वाट पाहिजे), गादीखाली 25 मिमीच्या पट्ट्या म्हणजे खालून हवा खेळते, बोल्टच्या डोक्यांवर फोमच्या टोप्या. स्वयंपाक आता बाहेरच, फाळका काढून टाकल्यामुळे मागे फळी लावता येते. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, ह्यात काटकसर करू नका, त्या वायूला वास नसतो आणि झोपेत कळत नाही.

दिवस 63

परत काट्यावर. नुसता कॅम्पर चढवून 2,430, म्हणजे कॅम्पर 250 किलो, भिंतीवरच्या आकड्यापेक्षा 20 जास्त. तळाचा जास्तीचा थर, मॅट, वरचा गोंद-रंग ह्यात ते गेलं. सगळं सामान, पाणी आणि आम्ही दोघं धरून 2,730. मर्यादेत आहे, पण 20 किलोच हातात. म्हणून आता पाण्याची टाकी निघताना अर्धीच भरतो आणि मुक्कामाजवळ पूर्ण करतो.

काटावाल्याला विनंती करून फक्त मागची चाकं काट्यावर घेतली, 1,410. मागच्या ॲक्सलची मर्यादा 1,400. एकूण वजन बरोबर असूनही मागचा ॲक्सल जास्त भरला होता, कारण टाकी आणि बॅटरी मी दाराजवळ ठेवली होती, जोडायला सोपी म्हणून. दोन्ही उचलून हौद्याच्या पुढच्या भिंतीला लावली, मीटरभरापेक्षा थोडी जास्त पुढे सरकली. परत मोजलं, 1,390. टायरमध्ये हवाही भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे.

खर्च आजपर्यंत: फोम आणि प्लाय 26, गोंद-कॅनव्हास-रंग 19, दार-खिडक्या-व्हेंट 15, वीज 30, मॅट-हूक-टर्नबकल-गादी 8 (टर्नबकल म्हणजे फिरवून ताण आवळायचा दुतोंडी स्क्रू), आणि वाया गेलेलं 20. बेरीज 118. वाया गेलेल्यात वर लिहिलेल्या चुकांशिवाय जुनी वायर, सिलिकॉन, दोन वेळा आणलेले चुकीच्या लांबीचे स्क्रू आणि बऱ्याच अशा फेऱ्या आहेत. हाताने काम केलेले तास 210 भरतात.

दिवस 70

तीन दिवस, 640 किमी करून आलो. कॅम्पर चार टर्नबकलने चासीला घेतलेल्या ब्रॅकेटला बांधलाय, हौद्याच्या पत्र्याला नाही, पत्रा फाटतो. आधी नायलॉनचे पट्टे वापरून बघितले होते, ते भार आला की ताणतात आणि ढिले पडतात. टर्नबकलही पहिल्या 30 किमीनंतर अर्धा फेरा सैल झाले होते, आवळले आणि फिरू नयेत म्हणून तारेने बांधले, नंतर हलले नाहीत.

दुसऱ्या रात्री जोरात पाऊस आला. मी तासाभराने उठून टॉर्च घेऊन चारही कोपरे, दोन्ही खिडक्या, व्हेंटच्या कडा हाताने चाचपल्या, सगळं कोरडं. ही गाढ झोपली होती, तिला उठवून सांगावंसं वाटत होतं, नाही उठवलं.

धूळ मात्र आत आली, कच्च्या रस्त्यावर गादीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी. चालत्या गाडीच्या मागे हवा धूळ ओढून घेते आणि आमचं दार नेमकं मागेच. आज दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून बघितली, तीन बाजूंना घट्ट अडकते, बिजागरीच्या बाजूला खालचा 300 मिमीचा भाग मात्र सहज सुटतो, तिथे 2 मिमीची फट आहे. आतून पोकळ असलेला जाड रबर मागवलाय, आला की ती बाजू काढून परत लावतो.